अकाली मातृत्वाचा जमाखर्च

मूल जन्मास येणें ही प्रत्येक घरांत आनंदाची वार्ता मानली जाते, आणि ती तशी मानली जावी हेंच योग्य. परंतु पाळणा हलविणारा हात जर स्वतःच अजून वाढीस लागलेल्या मुलीचा असेल, तर त्या आनंदाची किंमत कोण, किती दिवस आणि कोणत्या रूपानें देतो, याचा हिशेब सहसा मांडला जात नाहीं. बारशाच्या घुगऱ्या वाटल्या जातात. खर्चाची वही मात्र मिटलेलीच राहते. ती वही थोडी उघडून पाहावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. वीस वर्षांच्या आंत आलेलें मातृत्व हा नीतीचा व आरोग्याचा प्रश्न म्हणून पुष्कळदां चर्चिला गेला आहे. तो तितकाच रोख पैशाचा, शाळेच्या पटाचा आणि पुढील पिढीच्या उंचीवजनाचा प्रश्न आहे.

प्रथम या प्रश्नाचें माप घ्यावें. भारत सरकारतर्फे दर कांहीं वर्षांनीं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होत असते. २००५-०६ सालच्या पाहणींत १५ ते १९ वर्षें वयाच्या दर शंभर मुलींपैकीं १६ मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. २०१५-१६ मध्यें हें प्रमाण शेकडा ७.९ वर आलें, आणि २०१९-२१ च्या पाहणींत ६.८ वर. सुधारणा झाली यांत शंका नाहीं. परंतु याच शेवटच्या पाहणींत केरळचा आंकडा शेकडा २.४ आहे, आणि महाराष्ट्राचा ७.६. ज्या प्रांतांत मुलींची शाळा १८४८ सालीं पुण्यास निघाली, तो प्रांत या बाबतींत देशाच्या सरासरीच्याही मागें असावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. महाराष्ट्रांत २० ते २४ वर्षें वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें २२ जणींचें लग्न अठरा वर्षें पूर्ण होण्यापूर्वींच झालेलें होतें. बीड व परभणी या जिल्ह्यांत हेंच प्रमाण शेकडा ४० च्या वर होतें. तेव्हां बालविवाह व बालमातृत्व हे आजीच्या आठवणींतले विषय झाले, असें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना वाटत असेल, तर तो समज दूर केला पाहिजे.

या प्रश्नाशीं महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. आनंदीबाई जोशी यांचें लग्न नवव्या वर्षीं झालें, चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला, आणि तें मूल अवघे दहा दिवस जगलें. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर तें वांचलें असतें, या जाणिवेनें त्यांना वैद्यकविद्येकडे वळविलें. १८८६ सालीं अमेरिकेंत त्या डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, पुण्यास निवर्तल्या. त्यांच्या पदवीची गोष्ट मराठी घरांत कौतुकानें सांगितली जाते. तिच्या मुळाशीं एका चौदा वर्षांच्या आईचें दुःख होतें, हें मात्र ओझरतें सांगून सोडलें जातें. त्याच सुमारास मुंबईंत रखमाबाईंनीं, अकराव्या वर्षीं लावून दिलेलें लग्न आपल्यावर बंधनकारक नाहीं, असें न्यायालयांत सांगण्याचें धैर्य दाखविलें, आणि पुढें त्याही डॉक्टर होऊन आल्या.

कायद्याची चाल मात्र मंद राहिली. १८९१ च्या कायद्यानें संमतीचें वय दहावरून बारा केलें, तेवढ्यानेंही महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. १९२८ सालीं सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें देशभर साक्षी घेतल्या. १९२९ मध्यें शारदा कायदा संमत होऊन मुलीच्या लग्नाची मर्यादा चौदा वर्षें ठरली. १९४९ मध्यें ती पंधरा झाली, आणि १९७८ मध्यें अठरा. २००६ च्या कायद्यानें बालविवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा सांगितली. कायदा इतका स्पष्ट असतां लग्नें कां होतात? बाप निर्दय असतो म्हणून, हें उत्तर सोपें आहे, पण खरें नाहीं. बहुतेक घरीं बाप हिशेबी असतो, आणि त्याचा हिशेब चुकतो. तो कोठें चुकतो, हें ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबाच्या उदाहरणानें चांगलें समजतें.

बीड, जालना, परभणी, नगर या भागांतील कोरडवाहू गांवांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. तेथें मजुरी माणसावर मोजीत नाहींत, ती कोयत्यावर मोजतात. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुरुषानें ऊस तोडावा, बायकोनें तो साळून मोळ्या बांधाव्या, आणि दोघांनीं मिळून गाडी भरावी. हंगामापूर्वीं मुकादम या जोडीस उचल देतो, आणि ती पुढें टनावारीं कामांतून फिटते. एकट्या पुरुषाचा कोयता धरला जात नाहीं. त्यामुळें मुलगा सतरा-अठरा वर्षांचा झाला कीं त्याचें लग्न करून देणें म्हणजे घरांत नवा कोयता आणि नवी उचल येणें होय. सून ही येथें गृहलक्ष्मी म्हणून येण्यापूर्वीं अर्धा कोयता म्हणून येते.

दुसऱ्या बाजूस मुलीच्या बापाची अडचण आहे. पांच-सहा महिने तो व त्याची बायको फडांत असणार. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीस मागें म्हाताऱ्या आजीपाशीं ठेवावें, तर तिच्या रक्षणाची काळजी. बरोबर न्यावें, तर उघड्यावरील कोपींत राहणें, कोपीला धड दार नाहीं, आणि आईबाप पहाटेच्या अंधारांत निघून गेलेले. तशांत गांवची शाळा सातवी-आठवीपर्यंतच असते. पुढील शाळा मोठ्या गांवीं, वाट एकाकी, आणि एस. टी. ची गाडी कधीं येईल त्याचा नेम नाहीं. मुलगी लहान असतां हुंडा कमी पडतो. दोघी बहिणींचीं लग्नें एका मांडवांत उरकलीं तर जेवणावळ एकच होते. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या व लग्नें मोजक्या माणसांत उरकूं लागलीं, तेव्हां मराठवाड्यांतून बालविवाहाच्या वार्ता सारख्या येत होत्या, त्याचेंही कारण हेंच. बापाच्या वहींत या सगळ्या जमेच्या बाजू आहेत. एक खाणारें तोंड कमी झालें, एक काळजी मिटली, कांहीं हजार रुपये वांचले.

आतां खर्चाची बाजू पाहावी. पहिला खर्च त्या मुलीच्या शरीराचा. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी अजून वाढत असते. तिचीं हाडें अद्याप पुरतीं भरलेलीं नसतात. २०१९-२१ च्या पाहणींत १५ ते १९ वर्षें वयाच्या दर शंभर मुलींपैकीं ५९ मुलींच्या अंगांत रक्त कमी असल्याचें दिसून आलें. अशा शरीरांत गर्भ राहिला म्हणजे एकाच ताटांतले घांस दोन वाढत्या जिवांत वांटले जातात. वीस वर्षांवरील मातांच्या तुलनेनें या वयाच्या मातांस गरोदरपणांतील झटके, प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग व इतर विकार यांचा धोका अधिक असतो, आणि मूल अपुऱ्या दिवसांचें किंवा अडीच किलोहून कमी वजनाचें होण्याचा संभवही अधिक असतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेथें खाड्याच्या दिवसाची रक्कम जोडीच्या अंगावर चढते, तेथें गरोदर मुलगीही दिवस भरत येईपर्यंत डोक्यावर मोळी घेते. बाळंतपण अडलें तर तालुक्याच्या दवाखान्यांतून जिल्ह्याच्या रुग्णालयांत, तेथून खाजगी इस्पितळांत धांवाधांव होते. हा खर्च सावकाराकडून किंवा पुढील हंगामाच्या उचलींतून येतो. लग्नांत जे पैसे वांचले असें वाटलें होतें, ते बहुधा या एकाच फेरींत संपतात.

दुसरा खर्च शिक्षणाचा, आणि तो सर्वांत मोठा असून सर्वांत कमी दिसणारा आहे. वर सांगितलेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, मुळींच शाळेंत न गेलेल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींत दर शंभरीं १८ जणी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. बारा वर्षें किंवा त्याहून अधिक शिकलेल्या मुलींत हें प्रमाण अवघें ४ होतें. शाळा सुटली म्हणून लग्न होतें, आणि लग्न झालें म्हणून शाळा सुटते. दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढीत असतात. मूल झाल्यावर वर्गांत परत येणारी मुलगी विरळाच. वर्गाचा दरवाजा तिच्यासाठीं कायद्यानें बंद नसतो. तो लाजेनें बंद होतो. हजेरीपटावरील नांवापुढें कांहीं दिवस गैरहजेरीची खूण पडत राहते, मग नांव कमी होतें, आणि शाळेच्या दृष्टीनें तो विषय संपतो.

या सुटलेल्या शाळेची किंमत रोख पैशांत मांडतां येते. खेड्यांतील मुलीस बारमाही पगाराच्या ज्या वाटा आज डोळ्यांसमोर दिसतात, त्या अंगणवाडी सेविकेची जागा, परिचारिकेचें शिक्षण व पोलीस शिपायाची भरती या होत. या तिन्ही वाटा बारावीच्या दाखल्यापासून सुरू होतात. आठवी-नववींत शाळा सोडलेली मुलगी पहिल्या दरवाजापासून अवघीं तीन-चार वर्षें अलीकडे थांबलेली असते. त्या तीन-चार वर्षांनीं पुढील चाळीस वर्षांची मजुरी ठरते. शेतांतील खुरपणी, वीटभट्टी, फड किंवा शहरांत येऊन धुणींभांडीं, एवढींच कामें तिला उरतात. तीं हंगामी असतात, अंगमेहनतीचीं असतात, आणि अशक्त शरीरास तीं फार काळ झेपत नाहींत.

तिसरा खर्च घरांतील तिच्या स्थानाचा. विसाव्या वर्षीं दोन मुलें, आणि बावीस-तेविसाव्या वर्षीं शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रिया खेड्यांत विरळा नाहींत. ज्या वयांत शहरांतील मुलगी पहिल्या नोकरीचा अर्ज लिहीत असते, त्या वयांत या स्त्रीचें मातृत्व संपलेलें असतें. परंतु घरांत पैशाच्या व्यवहारांत तिला अद्याप कोणी विचारीत नाहीं. आपल्या मुलांस काय खाऊं घालावें, केव्हां दवाखान्यांत न्यावें, हेंही सासूनें व नवऱ्यानें ठरवावयाचें. नवरा व्यसनी निघाला, त्यानें टाकून दिलें किंवा तो अकालीं गेला, तर तिच्या हातीं ना कसब, ना दाखला. ती माहेरीं परत येते. ज्या बापानें चार वर्षांचें एक तोंड कमी केलें होतें, त्याच्या दारीं आतां तीन तोंडें येतात, आणि तीं जन्माचीं येतात.

चौथा खर्च मुलाच्या नांवावर पडतो. कमी वजनानें जन्मलेलें, अल्पवयीन व अशक्त आईचें दूध प्यालेलें, वर्षाच्या आंतच फडाच्या कडेला धोतराच्या झोळींत टांगलेलें मूल उंचीवजनांत मागें राहतें. पुढें शाळेंतही तें मागें पडण्याचा संभव मोठा असतो. तें मूल मुलगी असेल तर चौदाव्या वर्षीं तिच्याही लग्नाचा हिशेब त्याच जुन्या वहींत मांडला जातो. बापानें ज्याला बचत म्हटलें तें वस्तुतः मुलीच्या नांवें काढलेलें कर्ज होतें, आणि त्याचें व्याज नातवंडांपर्यंत फिटत नाहीं.

सरकारची मदत या मुलींपर्यंत कां पोंचत नाहीं, असा प्रश्न येथें साहजिक आहे. मदत आहे, पण तिच्या वाटेंत एक विचित्र अडचण आहे. पहिल्या मुलासाठीं मातेस ५,००० रुपये देणारी प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ पासून चालू आहे. अठरा वर्षांखालील मातेस तींत स्थान नाहीं. बालविवाहास उत्तेजन मिळूं नये हा त्या अटीमागील हेतु समजण्यासारखा आहे, परंतु ज्या मातेस पोषणाची सर्वांत अधिक गरज, तीच त्यामुळें रिकाम्या हातानें परत जाते. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतींतील अशा गोष्टीची वर्दी पोलिसांस देणें दवाखान्यावर बंधनकारक केलें. आणि अल्पवयीन पत्नीशीं संबंध हाही गुन्हाच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१७ मध्यें दिला. तत्त्व उचित आहे. व्यवहारांत मात्र सासरचीं माणसें भयानें मुलीस दवाखान्यांत नेण्याचें टाळतात, किंवा केसपेपरावर सोळाचें एकोणीस करून लिहवितात. वय खोटें लिहिल्यानें डॉक्टरास धोक्याची सूचना मिळत नाहीं, आणि सरकारी आंकड्यांतूनही ती मुलगी नाहींशी होते. शिक्षा लग्न लावणाऱ्यास व्हावी, उपचार मुलीस निर्भयपणें मिळावे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येणार नाहींत अशी व्यवस्था शोधणें हें शासनाचें, डॉक्टरांचें व वकिलांचें मोठें काम आहे.

सर्वच अल्पवयीन माता विवाहित असतात असें नाहीं. प्रेमाच्या नांवाखालीं फसलेल्या, आणि पुष्कळदां घरच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या अत्याचारास बळी पडलेल्या मुलीही त्यांत आहेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. विधवांनीं तेथें गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल तेथेंच ठेवून जावें किंवा न्यावें, त्यांस कोणी दोष देऊं नये, हा त्यामागील विचार होता. आज कायदा त्याहून पुढें आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें अल्पवयीन मुलीस चोवीस आठवड्यांपर्यंत वैद्यकीय सल्ल्यानें गर्भपाताची मुभा आहे. मूल वाढविणें शक्य नसेल तर बालकल्याण समितीमार्फत तें दत्तक देण्याची रीतसर सोय आहे. उणें पडतें तें वेळेचें ज्ञान. लाजेनें महिने निघून जातात, आणि घरच्यांस कळतें तेव्हां पुष्कळ वाटा बंद झालेल्या असतात. मुलीस आपल्या शरीराचे व्यवहार शाळेंत व घरांत सरळ शब्दांत समजावून सांगण्यास जे पालक संकोचतात, त्यांनीं या उशिराची किंमत ध्यानांत घ्यावी.

उपाय कोणते? २००९ चा शिक्षणहक्क कायदा मुलीचा हात चौदाव्या वर्षापर्यंत धरतो; लग्नाचा कायदा तिला अठराव्या वर्षीं मोकळीक देतो. मधलीं चार वर्षें कोणाचींच नाहींत, आणि सारा अनर्थ त्या चार वर्षांत घडतो. तेव्हां उपायही तेथेंच केला पाहिजे. नुसत्या पैशानें भागत नाहीं. पश्चिम बंगालनें २०१३ पासून अठराव्या वर्षीं अविवाहित व शिकत असलेल्या मुलीस २५,००० रुपये देण्यास आरंभ केला. त्या योजनेची कीर्ति परदेशांतही झाली, पण २०१५-१६ च्या व २०१९-२१ च्या पाहण्यांत तेथील बालविवाहाचें प्रमाण शेकडा ४१.६ वरच राहिलें. उलट, बिहारनें २००६ पासून नववीच्या मुलींस सायकलीसाठीं पैसे दिले, तेव्हां माध्यमिक शाळांत मुलींची संख्या सुमारें तीस टक्क्यांनीं वाढल्याचें अभ्यासकांस आढळलें. पैसा चार वर्षांनीं येणार असतो. सायकल उद्यां सकाळीं शाळेंत नेते. महाराष्ट्रांतही मानव विकास कार्यक्रमांत मागास तालुक्यांतील मुलींस सायकली मिळतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांमुलींसाठीं हंगामी वसतिगृहें व संत भगवानबाबा यांच्या नांवाचीं शासकीय वसतिगृहें यांची योजना आहे. जेथें मुलीस राहण्यास कुलूप असलेलें दार, पोटभर जेवण आणि लक्ष ठेवणारी बाई मिळते, तेथें बापाच्या वहींतील काळजीची रक्कमच खोडली जाते. हीं वसतिगृहें हंगाम सुरू होण्यापूर्वीं उघडलीं पाहिजेत; टोळ्या गेल्यावर उघडलेलें वसतिगृह रिकामेंच राहणार.

ग्रामसेवक हा गांवचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. अंगणवाडी सेविका त्याची साहाय्यक. १०९८ या क्रमांकावर कोणासही नांव न सांगतां वर्दी देतां येते. लग्न लागून गेलें असलें तरी सारें संपत नाहीं. अल्पवयांत विवाह झालेल्या मुलीस वीस वर्षांची होईपर्यंत तो रद्द करून मागतां येतो, पोटगी मागतां येते, आणि तिचें मूल कायद्यानें औरसच राहतें. ही माहिती मांडवांतील भटजी, बँडवाले, आचारी व छायाचित्रकार यांच्यापर्यंतही जावी. कारण या कायद्यान्वये लग्नास हातभार लावणाराही दोषी ठरूं शकतो.

शहरांतील घरांस या विषयाशीं आपला संबंध नाहीं असें वाटण्याचें कारण नाहीं. सकाळच्या चहांतील साखरेंत त्या फडांतील कष्ट आहेत. धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईची तेरा वर्षांची मुलगी एक दिवस आईच्या बदलीस कामावर येऊं लागते. येथूनच तिची शाळा सुटावयास लागते. त्या दिवशीं तिला काम देण्याऐवजीं तिची इयत्ता विचारावी, आणि शाळेची फी, वह्या किंवा शिकवणी यांपैकीं जें जमेल तें उचलावें. जी मुलगी आधींच आई झाली आहे, तिला नांवें ठेवण्यानें कोणाचाच लाभ नाहीं. सतरा नंबरचा अर्ज भरून तिला खाजगीरीत्या दहावी-बारावीस बसतां येतें. पुढें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अभ्यास घरीं राहून करतां येतो. अर्ज भरण्याची मुदत ठरलेली असते, फार तर दोन तास खटपट लागते, आणि ती करून देणारें शिकलेलें माणूस तिच्या घरीं बहुधा नसतें. तें शेजारच्या किंवा ती काम करते त्या घरीं असतें. त्या घरानें एका मुलीचा एवढा अर्ज भरून दिला आणि परीक्षेच्या दिवसांत तिचें मूल तीन तास सांभाळण्याची सोय केली, तर त्या जुन्या वहींत प्रथमच एक रक्कम खऱ्या अर्थानें जमेस पडेल.